टोनर रिफिल शिकताय? सुरुवातीला एवढं सांभाळा

पहिले काही महिने एचपी १२ए (लेझर प्रिंटरचं काळ्या टोनरचं म्हणजे शाईपावडरचं कार्ट्रिज) सोडून दुसऱ्या कार्ट्रिजला हात लावू नका. त्यात चिप नाही, त्यामुळे पूर्ण लक्ष हातकामावर देता येतं. चिप आणि रंगीत टोनर नंतर बघू.

बहुतेक नवखे इथेच चुकतात: नुसती पावडर भरतात, वेस्टचा, म्हणजे छापताना उरलेल्या पावडरचा, कप्पा रिकामा करत नाहीत. मग तो ओसंडतो आणि कागद काळे येतात. दोन्ही बाजूंच्या पिना काढून कार्ट्रिज उघडा. ड्रम (ज्यावर प्रतिमा उमटते तो नळा) आणि चार्ज रोलर (ड्रमला विद्युतभार देणारा रोलर) काढा, वायपर ब्लेडचे (ड्रमवरची उरलेली पावडर खरवडणाऱ्या पट्टीचे) दोन स्क्रू सोडवा, वेस्ट झटकून टाका. ती पावडर परत वापरायची नाही, तिच्यात कागदाची धूळ असते.

- ड्रम कडेने धरा, लगेच काळ्या कापडात गुंडाळा. उजेडाने तो खराब होतो.
- पावडर १२एचीच, साधारण १०० ग्रॅम. पुण्याच्या तपकीर गल्लीत घेताना मॉडेल नंबर सांगा, नुसतं 'काळी पावडर द्या' म्हणू नका. पावसाळ्यात पाकीट घट्ट बंद ठेवा, गुठळ्या होतात.
- जोडण्याआधी ड्रमला पॅडिंग पावडर (ब्लेड सरकतं राहावं म्हणून लावायची बारीक पावडर) लावाच, नाहीतर कोरडं ब्लेड उलटतं.
- मास्क घाला. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, बारीक कण फिल्टरमधून बाहेर येतात. हात गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने टोनर चिकटतो.

टेस्ट प्रिंटवर पट्टी ठेवा. डाग दर ७५ मिमीवर येत असेल तर ड्रम बदला, ३८ मिमीवर असेल तर चार्ज रोलर पुसून बघा.

वेस्ट आणि बाद ड्रम घंटागाडीत टाकू नका, अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या.