वाचकांचे प्रश्न : जिना बाहेरून का काढला?

प्रश्न : मी समाजशास्त्रात एमए केलंय आणि नाशिकच्या एका आर्किटेक्चर कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शहरी समाजशास्त्र शिकवते, व्हिजिटिंग म्हणून. लेक्चर शुक्रवारी दुपारी, मुलं रात्रभर शीटं काढून आलेली असतात, निम्मी पेंगतात. शिकागो स्कूल (शहरांचा अभ्यास करणारी अमेरिकेतली समाजशास्त्राची परंपरा), नागरीकरण सगळं शिकवते, पेपरात लिहितातही बरोबर. पण परवा एका मुलीनं सरळच विचारलं, मॅडम, याचा डिझाईनला काय उपयोग? काय सांगू तिला?

उत्तर : ताई, त्या मुलीला काही सांगू नका, तिला सिडकोत, म्हणजे त्या सरकारी महामंडळानं वसवलेल्या वसाहतीत न्या. नाशिकमध्ये असून हे हाताशी असताना तुम्ही शिकागोपासून सुरुवात का करताय हेच मला कळत नाही.

सिडकोच्या योजनांमधली मूळ घरं अगदी लहान होती, एका छापाची, शेजारीशेजारी. आज तिथं जाऊन बघा, तेच घर सापडणार नाही. पुढची मोकळी जागा आत घेतलेली, वर मजला चढवलेला, कुठं खाली दुकान. मुलांना मूळ टाइप प्लॅन द्या आणि म्हणा एकच घर घ्या, रीतसर परवानगी घेऊन टेप लावून मोजा, आजचा प्लॅन काढा आणि जे जे बदललंय ते लाल रंगानं दाखवा. हे काम त्यांना येतं, आवडतं, पेंगणार नाहीत. मग प्रत्येक लाल रेघेपुढं तीन गोष्टी लिहायला लावा, हे कधी केलं, तेव्हा घरात काय चाललं होतं आणि पैसे कुठून आले.

वरच्या मजल्यावर जाणारा जिना बघा, तो बऱ्याचदा रस्त्याकडून, बाहेरून असतो. का, असं विचारलं की मुलं म्हणतात आत जागा नव्हती. असेलही, पण घरातल्यांना विचारा. कुणी सांगेल वर भाडेकरू ठेवायचा होता, त्याची ये-जा आमच्या हॉलमधून नको. कुणी जरा थांबून सांगेल की थोरल्याचं लग्न झालं आणि पुढं दोन वर्षांत चुली वेगळ्या झाल्या. आता हे एक घर की दोन? आपली जनगणना कुटुंब मोजताना साधारण एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं धरते, म्हणजे त्या जिन्यानं कागदावर एकाची दोन कुटुंबं झाली. एकत्र कुटुंब, भाडं, मालकी, सुनेचं घरातलं स्थान, तुमचा अर्धा सिलॅबस त्या एका जिन्यावर निघतो आणि त्या मुलीला उपयोग काय ते विचारावं लागत नाही, कारण उद्या तिला अशाच माणसांचं घर काढायचंय.

मुंबईची टूर निघालीच तर हाच धागा बीडीडी चाळीत न्या. १९२० च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या या चाळी, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, मजल्यावर मधून लांब पॅसेज, दोन्हीकडं १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास सामाईक. आता त्यातल्या बऱ्याचशांच्या जागी म्हाडा टॉवर बांधतंय, ५०० चौरस फुटांचा फ्लॅट मिळतो. मुलांना म्हणा जुनी खोली चार वेळा काढा, पहाटे सहा, दुपारी एक, संध्याकाळी सात, रात्री अकरा. भिंती त्याच, पण गाद्या कुठं, पाण्याचं पिंप कुठं, दहावीचा अभ्यास करणारी पोरगी कुठं बसलीय. ती बहुतेक वेळा पॅसेजमध्ये सापडते. घर तिपटीहून मोठं झालं हे खरंच चांगलं झालं, उगाच चाळीच्या आठवणीत रडणाऱ्यांपैकी मी नाही, संडासच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला विचारा चाळीचं प्रेम. पण तो पॅसेज कुठल्या चौरस फुटात धरला हे मुलांनी विचारायला हवं.

थिअरी यानंतर द्या, तेव्हा वाचतील. आणि एक सांगाच त्यांना, समाजशास्त्र त्यांच्याकडं पाहुणं म्हणून आलेलं नाही. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात या विषयाचा विभाग निघाला तेव्हा प्रमुख म्हणून आले पॅट्रिक गेडिस, शिक्षणानं जीवशास्त्रज्ञ आणि कामानं नगररचनाकार! त्यांचा हट्ट एवढाच की आधी सर्व्हे, मग प्लॅन. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्यांच्यानंतर, १९२४ ला आले.

राहिली शुक्रवार दुपारची गोष्ट. स्टुडिओ, म्हणजे डिझाईनचा तास, घेणाऱ्या सरांशी बोला, त्यांनी सेमिस्टरची जी साइट दिलीय तीच तुम्ही घ्या आणि तुमची फील्डवर्क कॉन्सेप्ट शीटच्या आधी उरकेल असं बघा. एकदा का मॉडेल झालं की मुलं सर्व्हेत फक्त आपल्या मॉडेलला होकार शोधतात. शिवाय ज्युरीत, म्हणजे डिझाईन तपासणाऱ्या परीक्षकांत, तुम्हाला खुर्ची आणि थोडे तरी मार्क हातात हवेत. मार्क नाहीत तो विषय नाही, हे मुलांचं गणित आपण बदलू शकत नाही.

प्रश्न : मी पुण्यात रिसर्च मेथडॉलॉजी शिकवतो. मुलं गूगल फॉर्म काढतात, मित्रांच्या ग्रुपवर टाकतात, तीस-चाळीस उत्तरं आली की पाय चार्ट, संपला रिसर्च. फॉर्मवर बंदीच घालू का?

उत्तर : घाला, निदान पहिले दोन महिने. फॉर्म वाईट नाही, पण 'तुमच्या भागात बाग असावी का' याला नको कोण म्हणणार? पंचाण्णव टक्के हो, आणि त्यावरून प्रोजेक्टमध्ये बाग. काय हवं हे विचारूच नये, काल काय केलं ते विचारावं. काल बागेत गेलात का, कुणाबरोबर, किती वेळ, आणि गेला नसाल तर तेव्हा कुठं होता.

त्याहून बरं म्हणजे विचारण्याआधी बघायला शिकवा. न्यूयॉर्कमध्ये शहरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी इमारतींपुढचे चौक कॅमेरे लावून तासन्‌तास पाहिले, काही भरलेले आणि काही ओस का. ऊन, आकार, सगळं तपासलं आणि शेवटी सगळ्यात जास्त वजन पडलं ते बसायला जागा किती यालाच. हसू येतं ना, पण त्या निरीक्षणांच्या जोरावर १९७५ मध्ये शहराच्या नियमात बसायच्या जागेची अट आली. आपल्याकडं दुकानाच्या कट्ट्यावर कुणी बसू नये म्हणून टोकदार सळ्या ठोकतात, मुलांना एका रस्त्यावरचे असे कट्टे नकाशावर काढायला सांगा, मग ते बसणारे गेले कुठं ते शोधू द्या.

सॅम्पल म्हणजे फक्त माणसं नव्हेत, वेळसुद्धा. तासाला दहा मिनिटं मोजायचं, पण मंगळवारी मोजून रविवारबद्दल बोलायचं नाही, बाजाराचा दिवस वेगळा धरायचा. घरोघरी सकाळी अकराला गेलात तर म्हातारी माणसं आणि घरी असणाऱ्या बायका भेटणार, कामावर जाणारी बाई तुमच्या आकड्यात नाहीच. आणि सासूबाई शेजारी बसलेल्या असताना सुनेनं दिलेलं उत्तर हे सासूबाईंचं उत्तर असतं, ते तसंच लिहून ठेवायचं, कोण समोर होतं त्या रकान्यासकट.

प्रश्न : मॅडम, मी चौथ्या वर्षाला आहे, मुंबईतल्या एका झोपडपट्टीवर डिझर्टेशन करतेय. एका कार्यकर्त्यानं सगळीकडं फिरवलं, भरपूर फोटो मिळाले. गाइड म्हणतात घरांचे नंबर टाकून मोजलेले प्लॅन जोड. काही प्रॉब्लेम नाही ना?

उत्तर : आहे. कार्यकर्त्याची परवानगी म्हणजे त्या घरातल्या बाईची परवानगी नाही, तू परत जा आणि ती वेगळी घे, नको म्हणाली तर ते घर सोड. दुसरं म्हणजे पुनर्वसनात घर फुकट मिळणार, पैसे भरून मिळणार की मिळणारच नाही हे कुटुंब तिथं कधीपासून आहे यावर ठरतं, १ जानेवारी २००० आधीचे एका रांगेत आणि १ जानेवारी २०११ पर्यंतचे दुसऱ्या. कोण भाडेकरू, पोटमाळा कधी घातला, मूळ मालक गावी असतो का, हे तुला चहाबरोबर गप्पांत सांगितलेलं असतं, नंबरासकट छापलंस तर कुणाच्या तरी अंगाशी येऊ शकतं. म्हणून नंबर काढ, गल्लीचं नाव बदल, मोजमापं ठेव. गाइडना हेच कारण सांग, ऐकतील. फोटोत चेहरे नकोत, आणि ते वर्गाच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नकोस. जमलं तर ज्यांचं घर मोजलंस त्यांना त्यांचा प्लॅन प्रिंट करून नेऊन दे.