रिटायर झाल्यावर इतक्या वर्षांनी एकट्यानं पेटी वाजवायला बसायचंय, पण लोकांपुढं हात थरथरतात. जमेल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही निपाणीचे, नोकरीतनं मोकळे झालात, कॉलेजात असताना सोलो पेटी वाजवायचात, नंतर पेटी फक्त भजनी मंडळाच्या साथीपुरती राहिली, आणि आता गल्लीतल्या गणपतीत अर्धा तास एकट्यानं वाजवा म्हणून मंडळाची पोरं मागं लागलीत. घरी छान वाजतं, पण चार माणसं समोर बसली की बोटं थरथरतात. ही भीती घालवायची कशी, असं विचारलंय.

जमेल, नक्की जमेल. पण भीती घालवायच्या मागं लागू नका, असं मी स्पष्ट सांगते. ती गेली की वाजवीन असं म्हणत बसलात तर हा गणपती जाईल आणि पुढचाही जाईल. थरथरत्या हातानं काय आणि कसं वाजवता येतं याची तयारी करायची, एवढंच आपल्या हातात असतं, आणि तेवढं पुरतं. मी बेळगावात शहापूरला राहते, हायस्कूलला शिकवून रिटायर झाले, आणि तुमच्यासारखीच बऱ्याच वर्षांनी एकटीनं वाजवायला लागले, म्हणून हे अनुभवातनं सांगते. वर्गात साठ पोरांपुढं बोलायला मला कधीच काही वाटलं नाही, पण पेटीपुढं एकटी बसले की छातीत धडधडायचं, अजूनही धडधडतं, आणि तरी मी वाजवते.

साथ आणि सोलो यातला फरक आधी नीट बघा, कारण तुमचं अर्धं कोडं तिथंच आहे. भजनात बुवा गातात, आपण त्यांच्या मागनं जातो, कुठं अडलं तर सूर धरून ठेवायचा, टाळ मृदंगाच्या आवाजात कुणाला कळतही नाही. सोलोत पुढचा सूर कुठला, कधी थांबायचं, लय किती, सगळं आपण ठरवायचं, आणि मध्ये जी शांतता पडते ती पण आपलीच. म्हणून इतकी वर्षं साथ केली तरी ही भीती मोडत नाही, त्यात तुमचं काही कमी आहे असं समजू नका. उलट साथीनं तुमचा कान आणि लय पक्की ठेवली असणार, बोटं बंद पडलेली नाहीत. नुसतं कॉलेज सोडून थेट आता पेटी उघडणाऱ्यापेक्षा तुम्ही कितीतरी पुढं आहात.

आता थरथर. समोर माणसं बघितली की शरीर धोका समजतं, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, रक्त कातडीकडनं मोठ्या स्नायूंकडं वळतं, म्हणून बोटं गार पडतात, तळव्याला घाम येतो आणि बारीक हालचाल बिघडते. पेटीवर हे कसं दिसतं ते बघा की. डावा हात भाता जोरात मारायला लागतो, हवा जास्त जाते, सूर ओरडल्यासारखा येतो नाहीतर हेलकावे खातो. उजव्या हाताची बोटं घामानं पट्टीवरनं घसरतात. आणि तिसरं म्हणजे लय पळते, आपल्याला वाटतं नेहमीचीच आहे आणि तबलजी मात्र धावत असतो. लोक बोटांकडं बघत बसतात, पण मला विचाराल तर सगळ्यात आधी डावा हात सांभाळा. भाता हळू आणि सलग चालला की बोटांची थरथर ऐकणाऱ्याला जवळजवळ कळतच नाही, कारण पेटीत पट्टी एकदा पूर्ण दाबली की बोट थोडं कापलं तरी सूर तोच राहतो, सूर हलतो तो हवेनं.

म्हणून रियाज करताना रोज काही मिनिटं नुसता भाता. एकच सूर, मध्य सा धरा, आणि आवाज वरखाली न होता जितका लांब जाईल तितका न्या. कंटाळवाणं आहे, पण करा.

आणि दुसरं, रियाज नेहमी निवांत करू नका. घरी आपण चहा पिऊन, पलटे म्हणजे सुरांचे सरावाचे क्रम वाजवून, बोटं गरम करून मग राग घेतो, आणि स्टेजवर तासभर खुर्चीवर बसून गार बोटांनी एकदम सुरू करावं लागतं. तर कार्यक्रमाच्या आधीचे काही आठवडे मधनंमधनं असं करा, जिना चढउतार करून, धाप लागलेली असताना थेट पेटीपुढं बसा आणि पहिली पाच मिनिटं वाजवा, काहीही झालं तरी थांबायचं नाही. गुडघे किंवा छातीचा त्रास असेल तर जिना नको, अंगणात जरा भरभर चाला. ठोके वाढलेले असताना बोटं कशी वागतात हे शरीराला ओळखीचं झालं की स्टेजवर तेच झाल्यावर घाबरायला होत नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं तरी निम्मी भीती येते, ते पण वापरा.

काय वाजवायचं हे मात्र नीट विचार करून ठरवा, इथं लोक फार हट्ट करतात. कॉलेजात जो राग गाजला होता तोच, त्याच लयीत, त्याच तानांसकट वाजवायचा असं मनात असतं. नको. आज हात जे वाजवतात ते घ्या. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व क्षयानं काही वर्षं गाऊ शकले नाहीत, आणि 1953 साली परत मैफिलीत आले तेव्हा पूर्वीच्या दमसासाचा हट्ट न धरता आहे त्या श्वासात गाणं उभं केलं. एवढ्या मोठ्या माणसानं शरीराशी जुळवून घेतलं तर आपण का घेऊ नये.

अर्ध्या तासात एकच राग, साधारण वीस मिनिटं, आणि शेवटी एखादं भजन किंवा नाट्यगीत, जे तुम्हाला झोपेतनं उठवलं तरी वाजवता येतं. संध्याकाळी असेल तर यमन घ्या. भूपात मध्यम निषाद नाहीत, पाचच सूर, म्हणून लोकांना सोपा वाटतो, पण एवढ्या कमी सुरांत वीस मिनिटं विस्तार करणं अवघड, शिवाय गडबडीत धैवतावर जास्त थांबलं की देसकार या दुसऱ्या रागाची छाया येते. यमनात फिरायला जागा भरपूर. आलाप मंद्र निषाद, सा, रे, गंधार इथंच बराच वेळ ठेवा, घाईनं वर जाऊ नका. मग मध्यलय तीनताल, म्हणजे सोळा मात्रांचा ताल, आणि शक्यतो नवव्या मात्रेवरनं उठणारी गत, म्हणजे तालात बांधलेली वाजवायची रचना, त्यामुळं समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येईपर्यंत आठ मात्रा सावरायला मिळतात. द्रुत, म्हणजे जलद लयीतलं, ठेवायचंच असेल तर घरी जी लय जमते तिच्यापेक्षा थोडी कमी धरा, स्टेजवर ती आपसूक वाढतेच.

गत सुरू करायच्या आधी मनातल्या मनात मुखडा, म्हणजे गतीची सुरुवातीची ओळ, एकदा पूर्ण म्हणा, मांडीवर बोटानं मात्रा धरून, आणि मगच वाजवा. लय पळू नये म्हणून याच्याइतकं उपयोगी मला दुसरं काही सापडलं नाही. आणि एक आसरा आधीच ठरवून ठेवा, कुठंही चुकलं, आवर्तन म्हणजे तालाचा फेरा हरवला, डोकं रिकामं झालं की मुखड्यावर यायचं. विस्तार सुचला नाही तरी दोन आवर्तनं नुसता मुखडा वाजवत राहिलात तर ऐकणाऱ्याला ते वाईट दिसत नाही, तबलजीला तेवढ्यात चार बोल वाजवायला मिळतात आणि लोकांना तेही आवडतं.

तबलजी ओळखीचा घ्या. मोठं नाव असलेला अनोळखी नको, भजनी मंडळात तुमच्याबरोबर वाजवणारा असेल तर उत्तम. त्याला स्पष्ट सांगा की स्टेजवर माझी लय पळेल, तू ठेका धरून ठेव, माझ्यामागं धावू नको. यात कमीपणा काही नाही, चांगला तबलजी हे ऐकून खूष होतो. एकदोनदा तरी पूर्ण अर्धा तास बरोबर बसा.

गणपतीच्या मांडवात वाजवताना आणखी एक अडचण म्हणजे बाजूच्या गल्लीचा लाऊडस्पीकर. आरतीच्या अगोदरची वेळ मागून घ्या. आरतीला माणसं जमायला लागलेली असतात, आणि आरतीची वेळ ठरलेली असते म्हणून आपलंही किती वाजवायचं ते पक्कं असतं. आरतीनंतर प्रसाद हातात पडला की निम्मी माणसं उठतात आणि उठणारी माणसं बघून हात जास्त कापतो. तानपुऱ्याचा आवाज आपल्याला ऐकू येईल असा एक छोटा स्पीकर जवळ ठेवायला सांगा, वयानं कान थोडा कमी झाला असेल तर हे हवंच. मांडी घालून अर्धा तास बसणं होत नसेल तर पेटी टेबलावर आणि तुम्ही खुर्चीवर, लाजू नका, फक्त त्या उंचीवर आधी घरी वाजवून बघा कारण भात्याचा कोन बदलतो. मांडीवर एक सुती रुमाल. पावसाळ्याच्या हवेनं आपल्या भागात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, तेव्हा पेटी गणपतीच्या बऱ्याच आधी कारागिराला दाखवून घ्या, चतुर्थीच्या तोंडावर ते सगळे गर्दीत असतात.

गणपतीच्या आधी लहान लहान बसण्या कराच, थेट मांडवात नको. मी आधी शेजारणीच्या सोप्यात दोनतीन बायकांपुढं वाजवलं, मग आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात एकादशीला, भजनाला सुरुवात व्हायच्या आधी थोडा वेळ, आणि मगच स्टेज. मंदिरात वाजवायला मला सगळ्यात बरं वाटलं, कारण तिथं माणसं आपल्यासाठी आलेली नसतात, देवासाठी आलेली असतात. निपाणीत तुमचं भजनी मंडळ आहेच, त्यांना सांगा की पहिली पंधरा मिनिटं मला द्या, कुणी नाही म्हणणार नाही.

समोर माणसंच नाहीत असं समजा, असा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. मला तो पटत नाही. आपण वाजवतो ते कुणीतरी ऐकावं म्हणून ना? पहिल्या रांगेत ज्याला पेटी कळते असा एक ओळखीचा माणूस बसवा आणि त्याच्यासाठी वाजवा. आपल्या भागात असे कान आहेत. आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं, आणि त्याच काळात कागवाडला जन्मलेले पं. रामभाऊ विजापुरे (1917 ते 2010) बेळगावात पेटी वाजवत होते, शिकवत होते. सोलो पेटी म्हणजे काय हे इथल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही, हा आपला मोठा आधार आहे.

मी घाबरलोय घाबरलोय असं स्वतःला सांगत बसण्यापेक्षा मला आता वाजवायची उत्सुकता आहे, हुरूप आलाय, असं मोठ्यानं म्हणा. ही नुसती समजूत काढणं नव्हे, हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 साली यावर अभ्यास छापला, त्यात लोकांपुढं गाणं म्हणायच्या आधी जे असं म्हणाले त्यांचं गाणं जास्त बरं झालं. कारण धडधड दोन्हीत सारखीच असते, शांत हो म्हटल्यानं ती थांबत नाही. पाब्लो कासाल्स एवढे जगप्रसिद्ध चेलोवादक, त्यांना आयुष्यभर स्टेजची भीती वाटायची, तरी म्हातारपणापर्यंत वाजवत राहिले.

गोळीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच म्हणून सांगते. प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी थरथर आणि धडधड कमी करायला काही कलाकार घेतात. आपल्या वयात ती स्वतःच्या मनानं किंवा मित्राच्या पाकिटातली अजिबात घेऊ नका. दमा असेल तर धोकादायक, ठोके आधीच कमी असतील तर धोकादायक, आणि डायबेटिस असेल तर शुगर खाली गेल्याची लक्षणं त्यानं झाकली जातात. बीपीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो विषयच नको. आणि एरवीही हात खूप थरथरत असतील, घरी निवांत बसलेलं असताना पण, तर ती स्टेजची भीती नसू शकते, थायरॉइड किंवा दुसरं काही असू शकतं, एकदा दाखवून घ्या. कार्यक्रमाच्या दिवशी उपाशी बसू नका, शुगर कमी झाल्यावर पण हात असेच कापतात. दोन तास आधी थोडं खा, चहा एकच.

पहिली दोन मिनिटं वाईट जातील, ती जाऊ द्यात. आलापाला तबला नसतो, तेव्हा कुठं पळायचं नाही की कुणाला गाठायचं नाही, सा वर पाहिजे तेवढं थांबता येतं. मी अजून असंच करते, सा धरते, दोनतीन वेळा श्वास पूर्ण सोडते, भाता त्या श्वासाबरोबर चालवते आणि मगच रिषभाकडं जाते.

आणि गणपतीच्या आधीच पुढची तारीख कुणाकडनं तरी घेऊन ठेवा. नवरात्र, कोजागिरी, नाहीतर कार्तिकातली एकादशी, काहीही चालेल, पंधरा मिनिटं का असेनात. मध्ये मोठी खंड पडली की भीती परत पहिल्यासारखी होते, आणि लागोपाठ बसलं की तिसऱ्या चौथ्या वेळेला हात बराच लवकर स्थिर होतो, माझं तरी तसंच झालं. तबलजी कोण ठरला आणि सा कुठल्या पट्टीवर धरताय, काळी एक की काळी दोन, ते जरूर कळवा, यमनाच्या दोनतीन सोप्या गती माझ्याकडं वहीत लिहिलेल्या आहेत, पट्टी कळली की तुम्हाला बसतील त्या पाठवते.