सिपारियाच्या माईकडे हिंदू माणसाने जावं का?

प्रश्न असा आहे: "नवऱ्याच्या कामामुळे मार्चमध्ये त्रिनिदादला राहायला जातोय. तिथे कॅथलिक लोकांच्या मिरवणुका आणि सण मोठे असतात असं ऐकलं. त्यातलं काय चुकवू नये? आणि आम्ही हिंदू आहोत, तर चर्चच्या उत्सवात गेलेलं चालतं का? घरचे नको म्हणताहेत."

शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हे "घरचे नको म्हणताहेत" मी पुरेपूर भोगलंय.

जा. खुशाल जा. आणि एकच गोष्ट बघायला जमणार असेल तर ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी रात्री किंवा गुड फ्रायडेला सिपारियाला जा. त्या दोन दिवसांत तिथे चर्चच्या आवारात जी गर्दी लोटते ती मुख्यतः हिंदूंची असते. तेव्हा "चालतं का" हा प्रश्न निदान तिथे तरी कुणाला पडत नाही.

सिपारिया हे बेटाच्या दक्षिणेकडचं गाव. अठराव्या शतकात स्पेनच्या आरागॉन प्रांतातून आलेल्या कापुचिन पंथाच्या पाद्र्यांनी इथल्या मूळ रहिवाशांसाठी वसाहत उभी केली, आणि 'ला दिविना पास्तोरा' म्हणजे मेंढपाळ रूपातल्या मेरीची भक्ती त्यांच्याबरोबर आली. ही भक्ती १७०३ मध्ये सेव्हिल शहरात एका कापुचिन साधूनेच सुरू केलेली. पुढे १७९७ ला इंग्रजांनी बेट घेतलं. पण त्याआधीच, १७८३ मध्ये, स्पॅनिश राजाने फर्मान काढून कॅथलिक मळेवाल्यांना जमिनी देऊन तिथे वसवलं होतं. त्यामुळे राज्य इंग्रजांचं झालं तरी सणवार कॅथलिकच राहिले. ३० मे १८४५ ला 'फतेल रझाक' जहाजातून पहिले भारतीय मजूर उतरले. ऊसमळ्यावर बांधून घातलेली माणसं ती. परवाना असल्याशिवाय मळा सोडायची सोय नाही, देऊळ नाही, पंडित क्वचित. गुड फ्रायडेला सुट्टी मिळायची. सिपारियात सावळी, लांब केसांची, नवसाला पावणारी आई आहे हे त्यांच्या कानावर गेलं आणि ते चालत निघाले. त्यांनी तिला नाव दिलं सिपारी माई. आजही तेच चालतं.

आता आमच्या घरची गोष्ट.

आम्ही कूव्हाजवळ राहायचो, यजमान पॉइंट लिसासच्या एका कारखान्यात होते. शेजारच्या बाई तिथल्याच, पाच पिढ्यांच्या त्रिनिदादी, कट्टर सनातनी. अंगणात बांबूंवर रंगीत झेंड्या, प्रत्येक पूजेनंतर एक नवी. घरात रामचरितमानसचा पाठ. गुड फ्रायडेच्या सुमारास माझ्या सासूबाई मुंबईहून आमच्याकडे आल्या होत्या. बाईंनी त्यांना पहिल्याच भेटीत आजी म्हणून हाक मारली, तिथेही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. आणि दुसऱ्या वाक्यात विचारलं, "आजी, माईकडे येणार का? माझ्या नातवाचे पहिले केस काढायचेत."

सासूबाईंना समजवावं लागलंच नाही. त्यांचं माहेर बांद्र्याचं. सप्टेंबरात मोतमावलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, जत्रेला जायचं, मेणाचा पाय किंवा मेणाचं बाळ वाहायचं, येताना चणे-खाजा आणायचा, हे त्यांच्या आईपासून चालत आलेलं. माझ्या यजमानांना लहानपणी पायाचं दुखणं होतं तेव्हाही मेणाचा पाय वाहिला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथे काय न्यायचं असतं?" बाई म्हणाल्या, गोडं तेल, तांदूळ, फुलं, मेणबत्त्या, यथाशक्ती पैसे. सासूबाईंनी आपल्या बॅगेतून खण काढला. कुणाला तरी भेट द्यायला आणलेला होता. नारळ तिथे मिळालाच.

गुरुवारी संध्याकाळी निघालो. सान फर्नांडो ओलांडून डेबेला थांबलो, कारण तिथे थांबल्याशिवाय दक्षिणेकडे कुणी जात नाही. रस्त्याच्या कडेला एकापाठोपाठ गाड्या, त्यांवर डबल्स, फुलौरी, सहिना. (डबल्स म्हणजे 'बारा' नावाच्या दोन मऊ पुऱ्यांमध्ये चण्याची उसळ. तिथे गेल्यावर आठवड्यात सवय लागेल.) मग पेनाल, मग सिपारिया. गाडी लांब लावावी लागली.

त्या दोन दिवसांत मूर्तीची पूजा चर्चशेजारच्या सभागृहात होते. गुड फ्रायडेला चर्चमध्ये वेदी उघडीबोडकी असते, वर कापड नाही की सजावट नाही, दुःखाचा दिवस असतो, तेव्हा फुलं-तेल-दिव्यांची गडबड तिथे बसत नाही. रांग बाहेरपर्यंत. रांगेत साड्या, सलवार, जीन्स, कडेवर पेंगणारी मुलं, प्रत्येकाच्या हातात तेलाची बाटली. कुठे भजन, कुठे नुसती कुजबुज. एका बाजूला न्हावी बसलेले, जावळ काढणं जोरात चालू. बाईंच्या नातवाने भोकाड पसरलं, त्याचे केस कणकेच्या गोळ्यात धरले, आपल्याकडे आत्याच्या ओटीत धरतात तसेच. दाराबाहेर गरीब माणसं ओळीने बसलेली, येणारा-जाणारा त्यांच्यापुढे मूठ मूठ तांदूळ आणि नाणी टाकतो. सासूबाईंनी न सांगता पर्स उघडली.

मूर्ती लहानशी आहे. पांढरी वस्त्रं, डोक्यावर मुकुट, अंगावर भक्तांनी घातलेले दागिने. सासूबाईंनी तेल वाहिलं, मग खण, नारळ आणि तांदूळ तिच्या पायाशी ठेवून चक्क ओटी भरली. मी जरा धास्तावले होते की तिथल्या स्वयंसेविका काय म्हणतील. त्या कॅथलिक बाई होत्या, गळ्यात जपमाळ. त्यांनी खण हातात घेतला, काठावरून बोट फिरवलं, आणि मूर्तीच्या अगदी जवळ ठेवला. सासूबाईंनी मला विचारायला लावलं, "हिला कपडे कोण नेसवतं?" गावातल्या बायका नेसवतात, असं त्या म्हणाल्या, आणि लोक नवसाचे कपडे आणून देतात. सासूबाईंचं समाधान झालं. परतीच्या वाटेवर गाडीत त्या आणि शेजारच्या बाई एकच आरती म्हणत होत्या, चाल निराळी, शब्द तेच.

फोटो घरच्या ग्रुपवर गेले आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या भावोजींचा पुण्याहून फोन आला. "आईला चर्चमध्ये तेल वाहायला लावलंस? हे सगळं बाटवायचं पहिलं पाऊल असतं. तिथल्या लोकांना धर्म कुठे माहीत आहे, म्हणून ते मेरीला माई म्हणतात."

त्या दिवशी मी गप्प राहिले, कारण सासूबाई शेजारी होत्या. आज सविस्तर सांगते.

त्रिनिदादमध्ये हिंदूंना बाटवायचे प्रयत्न झाले, नक्की झाले. पण ते सिपारियाच्या मूर्तीने केले नाहीत. १८६८ पासून कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने, जॉन मॉर्टन या पाद्र्याच्या पुढाकाराने, भारतीय वस्त्यांमध्ये शाळा काढल्या. मुलाला अक्षरओळख हवी तर ती शाळा, आणि शिक्षकाची नोकरी हवी तर बहुधा बाप्तिस्मा. ज्यांना भीती वाटायची आहे त्यांनी तो इतिहास वाचावा. सनातन धर्म महासभेने, म्हणजे तिथल्या हिंदूंच्या मोठ्या संस्थेने, स्वतःच्या शाळा काढल्या त्या १९५० च्या दशकात, तिचे पुढारी भदासे सगन महाराज यांच्या काळात. म्हणजे ऐंशी वर्षं या लोकांची मुलं परधर्माच्या शाळेत बसली. हिंदू विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली १९४५-४६ मध्ये, तोवर सरकारदरबारी त्यांची लेकरं अनौरस. एवढं सोसून २०११ च्या जनगणनेत देशात हिंदू १८.२ टक्के आहेत, कॅथलिक २१.६ टक्के. सिपारी माईला तेल वाहून ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या मुंज-लग्नं-पूजा सुटली नाहीत, त्यांना धर्म माहीत नाही असं पुण्यात बसून म्हणायचा अधिकार कुणालाही नाही.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर वॉटर्लूला समुद्रात बांधलेलं देऊळ आहे. सेवदास साधू नावाच्या ऊसमजुराने आधी किनाऱ्यावर बांधलं, ती जमीन साखर कंपनीची म्हणून ते पाडलं, त्याला तुरुंगात घातलं. तो सुटून आला आणि म्हणाला, समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही. बादल्यांनी आणि सायकलवरून दगड-माती वाहून त्याने पंचवीस वर्षं भर घातली. काराप्पिचायमाला दत्तात्रेयाचं मंदिर आहे, पुढे ८५ फुटी हनुमान उभा. भावोजी दर पौर्णिमेला वाडीला जातात, त्यांनी एकदा तिथे यावं, मी भाड्याचे पैसे देते. याच लोकांनी, याच भक्तीने, माईला जवळ केलंय. घाबरून नाही, आणि अडाणीपणाने तर नाहीच.

दुसऱ्या बाजूलाही ऐकवते. यजमानांच्या ओळखीचे एक कॅथलिक गृहस्थ मला म्हणाले होते, "आमच्या मेरीला तुम्ही काली करून टाकलंत. यायचं तर नीट चर्चमध्ये या." हेही भावोजींचंच भावंड. मूर्ती त्यांच्या मालकीची, भक्ती मात्र कुणाची खासगी नाही. गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या मेरीला, हिंदू तेल वाहतात, तिला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, आणि शिरगावच्या देवळातून चर्चला तेल जातं. तिथे कुणाचा धर्म वितळला नाही.

राहता राहिला तुमचा मूळ प्रश्न. बाकीचं काय बघावं ते थोडक्यात:

सिपारियाच्या माईची कॅथलिक मिरवणूक ईस्टरनंतर काही आठवड्यांनी निघते, तेव्हा मूर्ती गावातून फिरवतात. दोन्ही बघा, एकाच मूर्तीचे दोन दिवस किती वेगळे असतात ते तेव्हाच कळतं. कॉर्पस क्रिस्टी हा ईस्टरनंतर साठ दिवसांनी येणारा गुरुवार, देशभर सुट्टी. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कॅथेड्रलची मोठी मिरवणूक असते, आणि गावोगाव लोक त्या दिवशी मका आणि तूर पेरतात, त्या दिवशीचं बी चांगलं रुजतं म्हणून. परसात जागा असेल तर तुम्हीही पेरा. ऑगस्टअखेर अरिमाला सांता रोझाचा उत्सव, तो तिथल्या आदिवासी समाजाचा, त्यांच्या हातून सजलेली मूर्ती गावातून मिरवते. गुड फ्रायडेला काही ठिकाणी येशूला दगा देणाऱ्या जुडासचा चिंध्यांचा पुतळा, बोबोली, बडवतात, मुलं दाखवतील. कार्निव्हलबद्दल मी लिहीत नाही, त्यावर ढिगाने लिहिलेलं सापडेल.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. सगळ्या त्रिनिदादी हिंदूंना सिपारिया मान्य आहे असं नाही, काही संस्था आणि तरुण मुलं विरोधात बोलतात, तेव्हा कुणाच्याही घरी हा विषय आपणहून काढू नका. सासूबाईंसारखी ओटी भरायची असेल तर आधी स्वयंसेविकेला विचारा, माणसं बदलतात तशी परवानगीही बदलते. सोनं घरी ठेवा. रात्री एकट्या जाऊ नका, शेजाऱ्यांबरोबर किंवा गटाने जा, गुन्हेगारी तिथे खरी आहे. वृद्ध माणूस बरोबर असेल तर गुड फ्रायडेच्या दुपारच्या उन्हात उभं करू नका, गुरुवारची रात्र बरी. तारखा दरवर्षी ईस्टरप्रमाणे बदलतात, तिथल्या चर्चला फोन करून खात्री करा.

निघण्याआधी पीतज्वराची लस निदान दहा दिवस अगोदर घ्या. त्रिनिदादहून भारतात परतताना विमानतळावर कार्ड मागतात, नसेल तर विलगीकरणात बसवतात.

आणि घरचे फारच अडले, तर सासूबाई किंवा आई जी कुणी असेल तिला बरोबर न्या. माझ्या सासूबाईंनी भावोजींना परत गेल्यावर स्वतः सांगितलं, "मी ओटी भरून आले, तू त्यात पडू नकोस." त्यानंतर ग्रुपवर कुणी काही बोललेलं नाही, आणि बाईंच्या नातवाच्या वाढदिवसाला भावोजींनीच शुभेच्छा पाठवल्या.