तो ऑक्टोबरचा मेल आधी शोधा, सहीचे नंतर बघू

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून एका वाचकांचे चार पानी पत्र आले आहे. वय ४७, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, घरात पत्नी, आई आणि बारावीतली मुलगी. क्रेडिट कार्डावर २०२० मध्ये ८३ हजार रुपये थकले. ७ ऑगस्ट २०२० नंतर त्यांनी एक पैसाही भरला नाही, आणि बँक आता ३ लाख १२ हजार मागते आहे. राष्ट्रीय लोक अदालतीची नोटीस घरी आली आहे. त्याआधीच वसुलीवाल्याने फोनवर सांगून ठेवले आहे की पाच हजार टोकन भरा, एका कागदावर सही करा, साठ टक्के माफ करून देतो. वाचकांचा प्रश्न असा: तीन वर्षे केव्हाच उलटली, मग हे कर्ज कायद्याने मेलेच ना? की सही करून एकदाचे मोकळे व्हावे?

नावे आणि आकडे बदलले तर हेच पत्र मला पेडण्यातून, फोंड्यातून, वाळपईतून येत असते. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की जरा जास्तच. म्हणून उत्तर जाहीर देते आहे.

तुम्ही तीन पाने व्याजावर आणि एजंटच्या भाषेवर खर्च केली आहेत. चौथ्या पानाच्या तळाशी, आईच्या औषधांच्या खर्चाखाली, एकच वाक्य आहे: ‘ऑक्टोबर २०२३ मध्ये बँकेला मेल टाकला होता की ६० हजारांत मिटवा, पण उत्तर आले नाही.’ तुमचे सगळे प्रकरण या एका वाक्यावर उभे आहे आणि तुम्ही ते जाता जाता लिहिले आहे.

पैशाच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो, एवढे तुम्ही कुठल्याशा व्हिडिओत ऐकले आणि ते बरोबर आहे. त्या हिशेबाने मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि ऑक्टोबरचा मेल मेलेल्या कर्जाबद्दलचा, म्हणून निरुपद्रवी, असे तुम्ही धरून चालला आहात. पण कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला. तुमची शेवटची भरणा तारीख नेमकी त्या काळात पडते. म्हणजे तुमची तीन वर्षे १ मार्च २०२२ पासून मोजायची आणि ती फेब्रुवारी २०२५ अखेर संपायची. तुम्ही मोरॅटोरियम, म्हणजे कोविडमधली हप्ते पुढे ढकलण्याची सवलत, घेतला होता की नव्हता, याने इथे फरक पडत नाही. दोन्ही तारखा वगळलेल्या काळातच येतात.

आता तो मेल परत पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुदत जिवंत होती. मुदतीच्या कायद्याचे कलम १८ सांगते की मुदत संपण्याआधी कर्जदाराने सही करून लेखी कबुली दिली, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे सुरू होतात. रक्कम नेमकी लिहिली नसली तरी चालते. ई-मेलला अशी कबुली मानणारे निकाल आहेत. तसे धरले तर बँकेला ऑक्टोबर २०२६ पर्यंत दावा लावता येतो. बँकेने तुम्हाला उत्तर पाठवले नाही, पण म्हणून तो मेल वाया गेला असे समजू नका. तो तिच्या फायलीत असणारच.

बचावाला जागा नाही असे नाही. मेलखाली तुमचे नाव होते का? ‘माझ्याकडे इतके देणे आहे’ असे लिहिले होते, की ‘हक्क राखून, केवळ तडजोडीसाठी’ असे? तडजोडीच्या बोलण्यात केलेल्या कबुलीला काही वेळा संरक्षण मिळते. मेल पाहिल्याशिवाय यापुढे मी बोलणार नाही, आणि दुसऱ्या कोणी छातीठोक सांगितले तरी विश्वास ठेवू नका.

टोकन आणि सही यांचे मात्र नि:शंक सांगते. मुदत चालू असताना थोडे पैसे भरले आणि त्याची तुमच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची नोंद राहिली, तर कलम १९ प्रमाणे पुन्हा तीन वर्षे. मुदत संपल्यावर ‘मी देईन’ असे सही करून लिहिले, तर करार कायद्याचे कलम २५ त्यातून नवा करार उभा करते. म्हणजे मुदत संपली असो वा नसो, ती सही तुमच्या अंगावर येते. वसुलीवाला पाच हजारांसाठी एवढा गोड बोलतो ते त्यासाठीच. त्याला पाच हजार नकोत, त्याला तारीख हवी आहे. ‘साठ टक्के माफ’ हे त्याने लिहून दिलेले नाही, हेही तुमच्याच पत्रात आहे.

लोक अदालतीची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. दावा लागण्याआधीच्या प्रकरणात ती तडजोडीचे आमंत्रण असते. तुम्ही संमती दिली नाही तर लोक अदालत तुमच्याविरुद्ध काहीही ठरवू शकत नाही आणि गैरहजेरीचा दंडही नाही. पण तिथे बसून तडजोडीवर सही केलीत, तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच, म्हणजे कोर्टाच्या निकालासारखाच, असतो आणि त्यावर अपील नाही. त्या दिवशी हॉलमध्ये काय होते ते सांगते. टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर एका बँकेचा माणूस, समोर छापील फॉर्म, आणि ‘साहेब, आजच्या आज सूट आहे’ ही घाई. फॉर्ममधली हप्त्यांची अट कोणी वाचत नाही. एक हप्ता चुकला तर सूट रद्द आणि पूर्ण रक्कम देय, असे बहुधा त्यात लिहिलेले असते. जायचे तर जा, ऐका, फॉर्मची प्रत मागून घरी आणा. एक गोष्ट मात्र नोटिशीवर तपासा: ती स्थायी लोक अदालतीची आहे का? असेल तर नियम वेगळे आहेत. तिला तडजोड न झाल्यास निकाल देण्याचेही अधिकार असतात, तेव्हा तिथे हजर राहावेच लागेल.

आता ज्या गोष्टीचा मला खरोखर राग आला ती. गेल्या वर्षी आलेले रजिस्टर पाकीट ‘घेतलेच नाही, पोस्टमनला परत पाठवले’ असे तुम्ही अभिमानाने लिहिता. नाकारलेले पाकीट कायद्याच्या नजरेत बहुतेक वेळा मिळालेलेच धरतात. त्यात काय होते? साधी नोटीस असेल तर ठीक. समन्स असेल, तर आजवर एकतर्फी हुकूमनामा झालेला असू शकतो. मग मुदतीची ही सगळी चर्चा फुकट, कारण हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, बारा वर्षांपर्यंत लावता येते. तो रद्द करून घ्यायला फक्त तीस दिवस असतात. समन्स नीट बजावलेच नसेल तर ते तुम्हाला कळल्यापासून मोजतात, पण पाकीट परत पाठवणाऱ्याला ते सिद्ध करणे जड जाते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. डिचोलीच्या आणि पणजीकडच्या न्यायालयांत तुमचे नाव टाकून पाहा. मुलगी पाच मिनिटांत करून देईल. आणि यापुढे समन्स आले तर घ्या. संक्षिप्त, म्हणजे झटपट चालणारा, दावा असेल तर हजेरी लावायला दहाच दिवस मिळतात.

व्याजाबद्दल थोडक्यात. तीस टक्क्यांच्या वरचे व्याज बेकायदा, असे तुम्ही लिहिता. ते राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो आदेश रद्द केला. त्याला सोळा वर्षे लागली आणि तेवढ्या काळात लोक जुना आकडा पाठ करून बसले. तुम्हाला लढायला जागा आहे ती दुसरीकडे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही. हे ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाले. म्हणून ३ लाख १२ हजारांचा महिनावार उतारा मागा. फक्त मागा. ‘माझ्या थकबाकीचा’ वगैरे शब्द घालू नका. ‘आपण मागणी केलेल्या रकमेचा तपशील, मान्य न करता’ एवढेच लिहा. कर्ज मधल्या काळात एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (बँकांची थकीत कर्जे विकत घेणारी कंपनी) विकले असेल, तर त्या व्यवहाराचा कागदही मागा. पैसे मागणारा आज नेमका कोण आहे, हे तुमच्या पत्रातून कळत नाही.

घराचे काय, असे पत्नीने विचारायला सांगितले आहे. वहिनींना सांगा, कार्डाचे कर्ज विनातारण आहे. हुकूमनाम्याशिवाय घराला कोणी हात लावू शकत नाही. त्यापुढचे उत्तर गोव्यात सरळ नाही. विवाहपूर्व करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक, अर्धा वाटा तिचा. कार्डावरचा खर्च संसारासाठी झाला की तुमच्या हौसेसाठी, यावर तिच्या वाट्याचे काय ते ठरू शकते. त्यात घर आजोबांच्या नावावर आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कोर्टामार्फतची वाटणी, झालेली नाही. म्हणजे तुमचा वाटा कोणता, हे आधी ठरायला हवे, आणि आपल्याकडे आजोबांच्या नावाची इन्व्हेंटरी नातवाच्या लग्नापर्यंत चालते. या दिरंगाईचा तुम्हाला तात्पुरता फायदा होईल, पण तिच्यावर विसंबू नका. लग्नाच्या नोंदणीचा उतारा काढून ठेवा.

पगाराचे खाते त्याच बँकेत आहे, हे मला घरापेक्षा जास्त काळजीचे वाटते. कार्डाच्या करारात बहुधा खात्यातून थकबाकी वळती करण्याचे कलम असते. कोर्टाकडून जप्ती आली तर पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. बँकेने परस्पर कापले तर आधी पैसे जातात आणि भांडण नंतर. कंपनीला सांगून पगार दुसऱ्या बँकेत घ्या, याच महिन्यात.

एजंट सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाही, शेजाऱ्यांना सांगू शकत नाही. नोंद ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्या तक्रारीतही कर्जाची रक्कम कबूल करू नका.

मग द्यायचे की नाही? मेल सापडला आणि त्यात स्पष्ट कबुली असेल, तर माझे मत एकरकमी मिटवावे. बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या: कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, तारीख, आणि ‘संपूर्ण व अंतिम’ हे शब्द. पैसे थेट बँकेत भरा, एजंटच्या यूपीआयवर नव्हे, आणि नंतर थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहील. मुलीच्या शैक्षणिक कर्जाला तुम्हीच सहअर्जदार असणार, तेव्हा तो शेरा आड येऊ शकतो, म्हणून त्या अर्जात वहिनींचे उत्पन्न दाखवता येते का, ते त्या बँकेत आधी विचारा. मेल सापडला नाही, किंवा त्यात कबुली नसेल, तर फेब्रुवारी २०२५ ला मुदत संपली असे म्हणायला तुम्हाला जागा आहे. मग सही नाही, टोकन नाही. तरी मुदत संपली म्हणजे देणे मिटले असे नव्हे. फक्त कोर्टाचे दार बंद होते, पतअहवालातली नोंद राहते.

रक्कम कुठून आणू, असे विचारता, आणि त्याच पानावर पतसंस्थेतली एक लाखाची ठेव लिहिता. ती २०२० मध्येही होती. ‘अडीअडचणीची आहे, मोडायची नाही’ म्हणून तुम्ही ती सात टक्क्यांवर ठेवलीत, आणि कार्डाला महिना साडेतीन टक्के देत राहिलात. ८३ हजारांवर महिन्याचे व्याज २,९०५ रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी ५२३. तुम्ही किमान रक्कम म्हणून पाच टक्के, ४,१५० भरत होता. त्यातले कर्जात गेले ७२२ रुपये. आणि त्याच महिन्यात चवथीच्या माटोळीचे (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या सजावटीचे) सामान आणि टीव्ही कार्डावर घेतलात. मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, हे तुम्ही पाहिलेच नाही. अडचण आणखी कशी दिसायला हवी होती?

दुसरे कार्ड अजून चालू आहे आणि त्यावरही तुम्ही किमान रकमेवरच आहात, हे वाचून मी पत्र खाली ठेवले. ठेवीतून आधी ते पूर्ण फेडा, कारण तिथे व्याज आज, या महिन्यात चढते आहे. जुन्या कर्जाच्या तडजोडीला उरलेली ठेव आणि लागलेच तर थोडे सोनेतारण. फेडल्यावर कार्ड बंद करण्याची लेखी विनंती द्या. बाकी काही नसेल तर सात कामकाजी दिवसांत बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला देणे लागते. किराणा, गॅस आणि आईची औषधे रोखीने किंवा डेबिट कार्डाने घ्या.

लोक अदालतीच्या तारखेआधी मला तीन कागद पाठवा: ऑक्टोबर २०२३ चा मेल जसाच्या तसा, नोटिशीची दोन्ही पाने, आणि ऑगस्ट २०२० चे कार्डाचे स्टेटमेंट. मेल तुमच्याकडून पुसला गेला असेल तर बँकेकडे त्याची प्रत मागायला जाऊ नका.