हिरवा दगड आणि पलीकडचा पांढुरका उतार

प्रश्न: दूरच्या डोंगराळ भागातल्या एका शोधक्षेत्राची माहिती वाचली. तिथे उचललेल्या दगडांत ५ टक्के तांबे, टनामागे २ ग्रॅम सोने आणि ४० ग्रॅम चांदी निघाली, असे त्यात होते. मोठ्या खाणी अर्ध्या टक्क्यावरही चालतात म्हणे. मग इथे अजून नुसता शोधच का चालू आहे? आणि हे तिन्ही धातू एकत्र कसे?

उत्तर: तुमच्या पत्रातल्या आकड्यांपेक्षा ‘उचललेल्या’ या शब्दाशी मी जास्त वेळ थांबले. डोंगरावर हिंडताना हात आपोआप सगळ्यात हिरव्या दगडाकडे जातो. तो हिरवा रंग मॅलॅकाइट या तांब्याच्या खनिजाचा, आणि मॅलॅकाइटमध्ये वजनाने ५७ टक्क्यांहून जास्त तांबे असते. दगडाचा जेमतेम दहावा भाग मॅलॅकाइट असला, तरी तपासणीत साडेपाच टक्क्यांच्या वर आकडा येतो. मात्र तो आकडा त्या एका दगडापुरता.

भूवैज्ञानिक म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हेच केले. हेलिकॉप्टरने सोडलेल्या तळावर आम्ही पाच जण होतो. ओढ्याकाठच्या कड्यातून हिरवेगार तुकडे निवडून मी पिशव्या भरल्या. ६ टक्के तांबे आले, तिथेच ड्रिल लावले गेले, आणि चार मीटरखाली कोरा खडक निघाला. सगळा हिरवा लेप बोटभर रुंद भेगेत होता. कुठून तरी झिरपत आलेल्या पाण्याने तो तिथे साचवला होता, आणि ते पाणी कुठून आले, हे मी पाहिलेच नव्हते.

आमच्या वरिष्ठ बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी मला ओढ्यापलीकडच्या उतारावर नेले. महिनाभर मी त्या उताराकडे पाठ करून काम करत होते. हिरवे तिथे काहीच नव्हते, होता फक्त पांढुरका, तांबूस डागांचा खडक. त्यांनी फेल्डस्पार या खडकातल्या नेहमीच्या खनिजाच्या एका कणावर नख ओढायला सांगितले. ताज्या फेल्डस्पारवर चाकूचाही ओरखडा सहज उठत नाही. इथे नखाखाली भुकटी आली. गरम, आम्लयुक्त पाण्याने तो आतून बदलून टाकला होता. आणि ते तांबूस डाग म्हणजे पायराइट (लोखंड आणि गंधकाचे खनिज) गंजून गेल्यावर मागे राहिलेली रिकामी घरे. पायराइट गंजताना आम्ल तयार होते, ते तांबे विरघळवून खाली नेते. त्यामुळे सर्वांत चांगल्या जागेवरही माथा कधी कधी अगदी फिका दिसतो आणि काही अंतर खाली चाल्कोसाइटचा काळसर, तांब्याने भरलेला थर लागतो.

आता तीन धातूंचे. अशा दुर्गम क्षेत्रांत बहुतेकदा पॉर्फिरी प्रकारच्या (गोठत्या शिलारसातून आलेले धातू मोठ्या खडकात विखुरलेल्या) साठ्याचा शोध चाललेला असतो. काही किलोमीटर खोलीवर शिलारस गोठताना त्यातले पाणी वेगळे होते आणि क्लोरीन, गंधक घेऊन वर सरकते. तांबे, सोने, चांदी याच पाण्यात विरघळून येतात, म्हणून सोबत सापडतात. उतरतात मात्र वेगवेगळ्या जागी. तापमान ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास आले की तांबे चाल्कोपायराइट आणि बोर्नाइट ही गंधकयुक्त खनिजे बनून बसते, आणि सोन्याचा बराच भाग त्यांच्यातच अडकतो. चांदी थोडी तिथे थांबते, बाकीची शिसे आणि जस्ताबरोबर बाहेरच्या थंड भागापर्यंत जाते. म्हणून त्या ४० ग्रॅम चांदीबद्दल मला विचारावेसे वाटते: त्याच दगडात गॅलेना, म्हणजे शिशाचे खनिज, होते का? असेल, तर तो दगड कडेचा असू शकतो आणि केंद्र अजून सापडायचे आहे.

केंद्र शोधताना खडकातल्या बदलांची कडी, म्हणजे केंद्राभोवतीचे गोल पट्टे, उपयोगी पडतात. आत तपकिरी बायोटाइट आणि गुलाबी फेल्डस्पार, त्याभोवती पांढरे सेरिसाइट आणि पायराइट, सर्वांत बाहेर क्लोराइट-एपिडोटचा हिरवेपणा (हा तांब्याचा हिरवा नव्हे, नवशिके इथे हमखास फसतात). अ‍ॅरिझोनातल्या सॅन मॅन्युएल साठ्याभोवती या कड्यांचा एकच भाग दिसत होता, बाकीचा भ्रंशाने, म्हणजे खडक सरकवणाऱ्या मोठ्या भेगेने, तोडून नेला होता. भूवैज्ञानिक डेव्हिड लोवेल यांनी तुटलेला तुकडा कुठे सरकला असेल याचा हिशेब मांडला, तिथे ड्रिल केले, आणि १९६० च्या दशकात जमिनीखाली खोल दडलेला कलामझू साठा मिळाला. १९७० मध्ये त्यांनी आणि जॉन गिल्बर्ट यांनी मांडलेले कड्यांचे चित्र आजही आम्ही डोक्यात घेऊन फिरतो. मला या कामातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

इंडोनेशियातल्या पापुआच्या उंच डोंगरातही मोठा साठा असाच नजरेआड राहिला. १९३६ मध्ये डच भूवैज्ञानिक जाँ जाक डोझी यांना एर्ट्सबर्ग हा खनिजाचा काळा सुळका उघड्यावर दिसला. त्याच्याजवळच गवताने झाकलेला ग्रासबर्ग होता. त्यात तांबे आणि सोने किती आहे, हे ड्रिलिंगने कळायला १९८८ साल उजाडले. तो एर्ट्सबर्गहून कितीतरी मोठा निघाला.

प्रश्न: सोने डोळ्यांना दिसत नाही, तर ड्रिलमधून आलेल्या दगडात तुम्ही काय बघता?

उत्तर: आधी कोअर, म्हणजे ड्रिलमधून निघालेला खडकाचा दंडगोल, ओला करते, कोरडा कोअर काही बोलत नाही. मग क्वार्ट्झच्या शिरा मोजते: मीटरमागे किती, कोणती शीर कोणतीला छेदून गेली, कडेला काय आहे. १०० ग्रॅम खडकात २ ग्रॅम चाल्कोपायराइट दिसले, तर तांबे ०.७ टक्के होते, आणि असे सलग शेकडो मीटर चालले तर मी आनंदाने रात्रभर जागेन. नुसता पायराइट असेल तर सावध होते. जमिनीत वीज सोडून केलेल्या विद्युत सर्वेक्षणात सर्वांत ठळक उमटणारा पट्टा पुष्कळदा याच पायराइटच्या कड्याचा असतो, तांबे त्याच्या आत असते. सोन्याचा आकडा प्रयोगशाळेतूनच येतो. त्यासाठी कोअर उभा चिरून अर्धा तिकडे पाठवतो. उरलेला अर्धा पेटीत खोलीचे आकडे लिहून ठेवतो. उद्या कोणाला आमचे म्हणणे पटले नाही, तर त्याला तो पुन्हा चिरता येतो.