प्रायोगिक रंगभूमीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आपल्यासाठी आहे का, हे कसं ओळखायचं?

तुमचं वय २१, गाठीशी चार-पाच एकांकिका, आणि प्रायोगिक नाट्यप्रशिक्षणाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला निवड झाली आहे. जावं की नाही, असा तुमचा प्रश्न. मी म्हणेन, माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि त्यांच्याकडून एका साध्या आठवड्याचं वेळापत्रक मागवा. माहितीपत्रकात ‘स्वतःचा शोध’ असतो, वेळापत्रकात सकाळी नऊ ते साडेदहा नेमकं काय, ते असतं.

कारण ‘प्रायोगिक’ या एका पाटीखाली बऱ्याच वेगळ्या परंपरा नांदतात. पोलंडमध्ये ओपोले इथे १९५९ साली दिग्दर्शक ग्रोटोव्स्कीने ज्या नाट्य-प्रयोगशाळेची सूत्रं घेतली, तिच्या वळणाचं काम म्हणजे शरीर आणि आवाज यांच्या आड येणारे अडसर एकेक करून काढणं. इथे गट लहान, तास लांब आणि प्रेक्षक कमी. फ्रेंच नाट्यशिक्षक जाक लकॉकने १९५६ मध्ये पॅरिसला शाळा काढली. तिथली वाट न्यूट्रल मास्कपासून (कोणताही भाव नसलेल्या मुखवट्यापासून) सुरू होते आणि शेवटी विदूषकाच्या लाल नाकापाशी पोहोचते. विद्यार्थी दर आठवड्याला गटागटाने स्वतः छोटे प्रवेश रचून दाखवतात. पहिल्या वर्षानंतर सगळ्यांना दुसऱ्या वर्षात घेतलं जात नाही, तेव्हा अशा वळणाच्या कुठल्याही शाळेत हा नियम आधीच विचारून घ्या. जपानी दिग्दर्शक तादाशी सुझुकींची पद्धत पायांपासून सुरू होते: गुडघे वाकवून, कमरेवरचा भाग स्थिर ठेवून संगीताच्या तालावर पाय आपटायचे, आणि त्याच अवस्थेत संवाद म्हणायचे. अमेरिकेतल्या मेरी ओव्हरलीचे सहा व्ह्यूपॉइंट्स (रंगमंचावरची जागा, वेळ, हालचाल यांकडे पाहायचे कोन) आणि दिग्दर्शिका ॲन बोगार्टने त्यातून पुढे नेलेली नऊ सूत्रं (लय, कालावधी, आकार, पुनरावृत्ती, अंतर वगैरे) हे समूहाचं काम. त्यात ‘मला काय वाटतं’ यापेक्षा ‘शेजारचा काय करतोय’ हे आधी.

यातलं कोणतं किती, हे वेळापत्रकात तास मोजून कळतं. संहिता आणि आवाज यांना आठवड्याला सहा तासांहून कमी असतील आणि तुमचे शब्द मागच्या रांगेपर्यंत आजही पोहोचत नसतील, तर मी थांबायला सांगेन. शरीर तयार होऊनही वाक्य तोंडातच विरलं, तर पुढे ऑडिशनमध्ये पंचाईत होते. आवाजाची बैठक आधी दुसरीकडे पक्की करून मग इकडे या.

दुसरा मुद्दा मला सर्वांत मोठा वाटतो. अशा ठिकाणी भूमिका ‘मिळत’ नाही, बहुतेक वेळा ती तयारच नसते. आठ जण रिकाम्या खोलीत येतात, तीन आठवडे साहित्य निर्माण करतात आणि त्यातला बहुतांश भाग फेकून देतात. छान नट इथे कुढतात ते याच कारणाने, मेहनतीमुळे नव्हे. त्यांना लिहिलेला माणूस उभा करायचा असतो. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ते वेगळं काम आहे.

आपण कोणत्या बाजूचे, हे घरी तपासता येतं. दोन चाचण्या सांगतो.

पहिली: पाच मीटर मोकळी जागा घ्या, गजर पाच मिनिटांचा लावा आणि या टोकापासून त्या टोकाला गजर वाजताना पोहोचाल इतक्या संथ, एकाच वेगाने चाला. कुठे थांबायचं नाही, डोक्याची उंची बदलायची नाही, नजर समोर. साधारण दुसऱ्या मिनिटाला वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेताना घोटा थरथरतो आणि वेग नकळत वाढतो. शेवटचा मीटर अनेकजण उरकून टाकतात. सलग दहा दिवस करा. सहाव्या-सातव्या दिवशी कंटाळा येणारच. त्या कंटाळ्यात पायाच्या तळव्याबद्दल काही नवीन लक्षात येतंय का, की नुसते सेकंद मोजताय?

दुसरी: आणखी दोघांना गाठा. एक खुर्ची, एक चादर, एक बादली. दोन तासांत पाच मिनिटांचा प्रवेश बसवा, शब्द एकही नाही. मग त्यातला सगळ्यांना आवडलेला तुकडा काढून टाका आणि अर्ध्या तासात पुन्हा उभा करा. तो तुकडा गेल्याची हळहळ दहा मिनिटांत ओसरली आणि हात पुन्हा बादलीकडे गेला, तर तुमचा पिंड या कामाचा आहे. संध्याकाळभर त्याच्यावरच वाद घालत बसलात, तर घाई नको.

मग एक वर्ग बसून पाहायची परवानगी मागा. शिक्षक किती प्रभावी बोलतात याकडे फार लक्ष देऊ नका. एखाद्याचं चुकतं तेव्हा काय होतं ते बघा. ‘टाच उचलली जातेय, वजन पुढे आलंय’ ही सूचना झाली. ‘तू प्रामाणिक नाहीस’ यावर कोणी काय करणार? अडसर काढण्याच्या नावाखाली माणसाला मोडणं या क्षेत्रात घडतं, आणि तिशीच्या आतल्या मुलांना ते थोर वाटतं. घरातल्या दुःखाचं गटापुढे उत्खनन करायला लावणं, झोप मोडणं, ‘नाही’ म्हणणाऱ्याला भित्रा ठरवणं: यातलं एक जरी दिसलं तरी परत फिरा. स्पर्श असलेल्या सरावाआधी संमती कशी विचारतात आणि बाजूला बसणाऱ्याकडे कसं पाहतात, हेही तिथेच कळतं.

जमीन बघायला विसरू नका. खाली पोकळी असलेली, किंचित दबणारी लाकडी जमीन हवी. थेट सिमेंटवर किंवा सिमेंटला चिकटवलेल्या फरशीवर पाय आपटण्याचा सराव रोज झाला, तर नडगी आणि गुडघे धरतात. गुडघ्याची किंवा पाठीची जुनी दुखापत असेल तर प्रवेशाआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि शाळेला लेखी कळवा. कोणते सराव बदलून मिळतील, याचं उत्तरही लेखी घ्या.

समूहाने रचलेल्या नाटकाचा हक्क कोणाचा, हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. तुम्ही सुचवलेला प्रवेश पुढे संस्थेने तुमच्याशिवाय केला तर नाव येणार का, चित्रीकरण कुठे दाखवणार, हे सहीच्या आधी विचारा. मागच्या दोन-तीन तुकड्यांतल्या किमान तिघांशी बोला, आणि त्यातला एक जण मधेच सोडून गेलेला असू द्या.

एवढं करूनही अडलं, तर त्याच पद्धतीचं दोन ते चार आठवड्यांचं शिबिर आधी करा. पहिले दोन दिवस नवलाईचे. स्नायूंचं दुखणं व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत सर्वाधिक असतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळंच नकोसं वाटेल. त्या दिवशी ‘नाही’ ठरवू नका आणि शेवटच्या सादरीकरणाच्या रात्री ‘हो’ ठरवू नका. घरी येऊन आठवडा जाऊ द्या, आणि कोणी न सांगता त्यातला एखादा सराव तुम्ही सकाळी उठून करताय का, ते बघा.