रील्स बघून मुलगी स्वतःला जाड म्हणते, जेवण टाळते. हे खरंच मोबाईलमुळे होतं का?

बऱ्याच अंशी, हो. मी काही डॉक्टर नाही. सोलापुरात साखर पेठेत ब्लाऊज शिवते, त्यामुळे बायकांचं स्वतःच्या अंगाबद्दलचं बोलणं रोज कानावर पडतं.

पूर्वी गिऱ्हाईक मापाचा ब्लाऊज घेऊन यायचं. ‘असाच शिवा, दंडात जरा सैल’, संपलं. आता मोबाईल पुढे करतात, ‘ताई, अस्सं बसलं पाहिजे’. फोटोत कपडा बसत नसला की फोटो काढणारे पाठीमागून चिमटे लावून ओढून घेतात, उरलंसुरलं संगणकावर घासतात. हे सांगितलं की बाई हसते, आणि लगेच विचारते, ‘तरी माझे दंड जाडच आहेत ना ओ?’ ब्लाऊज बसला नाही तर चूक माझ्या कात्रीची. पण टेप काढायच्या आधीच ओशाळतात.

फिजी बेटांवरचा एक अभ्यास मला फार पटतो. तिथे भरलेलं अंग चांगलं मानायचे, आपल्याकडे आत्या-मावशी ‘वाळलीस गं’ म्हणून काळजी करायच्या तसंच. नाड्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. ॲन बेकर या संशोधक बाईंनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. दुसऱ्या वेळी ७४ टक्के मुली म्हणाल्या, निदान कधीकधी तरी आम्हाला आपण जाड आहोत असं वाटतं. वजन उतरवायला मुद्दाम उलटी काढणारी १९९५ साली एकही नव्हती, तीन वर्षांनी ११ टक्के निघाल्या. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, तेव्हा सगळं खापर टीव्हीवर फोडता येत नाही, पण आकडा बोलतोच.

आणि जाड-बारीकच्या आधी रंग होताच की. फेअर अँड लव्हली १९७५ साली आली, २०२० साली नावातला ‘फेअर’ गेला. स्थळ बघताना ‘मुलगी गोरी आहे ना?’ मात्र अजून विचारतात.

मोबाईल हिसकावून घेऊ नका, चोरून बघेल. शेजारी बसून तिच्याबरोबर बघा, आणि घरात कुणाच्याच वजनाची थट्टा नको, तुमच्या स्वतःच्यासुद्धा. जेवण सतत टाळत असेल किंवा उलट्या काढत असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.

परवा कॉलेजातली एक पोरगी म्हणाली, ‘ताई, आत जादा कापडाची माया सोडू नका, मी बारीक होणारे.’ मी दोन्हीकडे इंचभर सोडली. तिला सांगितलं नाही.